नाट्यगृहाचा नकाशा कुणाच्या पेनड्राइव्हमध्ये आहे?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

विषय ऐकून काहींना वाटेल, हा कुठला आपला विषय! आर्किटेक्ट आणि इंजिनिअर लोकांनी आपली ड्रॉइंग, फोटो आणि रिपोर्ट ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? त्यांचं ते बघतील की. पण यावेळी पैसे आपल्या घरपट्टीतून जाणार आहेत आणि ज्या शाळांच्या स्लॅबखाली आपली पोरं बसतात त्या शाळांचे कागद त्यात जाणार आहेत. म्हणून लिहितोय.

प्रकरण असं आहे. आपल्या नगरपरिषदेत सध्या एका प्रस्तावाची चर्चा आहे. शहरातल्या सगळ्या सार्वजनिक बांधकामांची ड्रॉइंग, फोटो, थ्रीडी मॉडेल आणि तपासणी अहवाल एकाच सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचे. नगरपरिषदेच्या पॅनेलवर जे आर्किटेक्ट आणि कन्सल्टंट आहेत त्यांनीही तेच सॉफ्टवेअर वापरायचं, वर्गणी ज्याची त्याने भरायची. या प्रकाराला डिजिटल ॲसेट मॅनेजमेंट म्हणतात, लाडाने 'डॅम'. (पाणी अडवायचा डॅम वेगळा. तो आपल्याकडे गळतो. हा गळणार की नाही ते बघायचंय.)

मध्यंतरी एका हॉटेलच्या हॉलमध्ये याचं सादरीकरण झालं. जेवण चांगलं होतं. पडद्यावर परदेशातल्या काचेच्या इमारतींचे फोटो झरझर पळत होते. 'स्टेडियम' टाइप केलं की स्टेडियम, 'ब्रिज' टाइप केलं की ब्रिज. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी मी एकच विचारलं, ''तीन वर्षांनी आम्ही पैसे भरले नाहीत, तर आमचे नकाशे आम्हाला परत कसे मिळतील? कोणत्या फॉरमॅटमध्ये?'' सादरीकरण करणारा पोरगा हुशार आणि प्रामाणिक होता. म्हणाला, ''सर, असं अजून कुणी विचारलं नाही.''

तिथेच माझं डोकं फिरलं.

कल्पनेलाच माझा विरोध आहे असा समज करून घेऊ नका. अशी व्यवस्था हवीच, आणि ती यायला वीस वर्षं उशीर झालाय. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्यातलं कलम ४(१)(क) सांगतं की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले सगळे अभिलेख सूचीबद्ध करून, अनुक्रमणिका लावून ठेवावेत आणि जे संगणकावर आणण्यासारखे आहेत ते वाजवी मुदतीत आणावेत. 'साधनसामग्रीच्या उपलब्धतेनुसार' अशी एक पळवाट त्यात आहे आणि आपल्याकडे सगळे त्याच वाटेने पळाले. त्याच वर्षी महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदाही आला. सरकारी कागद बेकायदा नष्ट करणाऱ्याला त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. आता मला सांगा, गेल्या वीस वर्षांत आपल्या तालुक्यात नकाशा हरवला म्हणून कोण आत गेलं?

आपल्या नाट्यगृहाचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात बाल्कनीच्या डाव्या बाजूला पाणी झिरपतं, हे नाटकाला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. छताच्या दुरुस्तीचा विषय निघाला तेव्हा मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग हवं होतं. मी माहिती अधिकारात मागितलं. उत्तर आलं, 'सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही.' मग शोधाशोध केल्यावर कळलं की ड्रॉइंग आहे. पण ते ज्यांनी डिझाइन केलं त्या ऑफिसात, एका जुन्या कॉम्प्युटरमधून काढून पेनड्राइव्हवर घेतलेलं. नगरपरिषदेकडे दिलेला सेट कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. डिझाइन करणाऱ्यांचं म्हणणं, आमची शेवटच्या टप्प्याची फी थकलीय, ती द्या आणि ड्रॉइंग न्या. नगरपरिषद म्हणते, काम पूर्णत्वाचे कागद दिल्याशिवाय फी नाही. दोघांचंही थोडं थोडं खरं. आणि पाणी काय, दोघांची वाट न बघता झिरपतंय.

ड्रॉइंग नसलं तर काय बिघडतं? आपल्याच गावातल्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरने मला समजावून सांगितलं ते त्यांच्याच भाषेत सांगतो. काँक्रीटच्या आत किती सळई आहे, कुठे आहे, किती जाडीची आहे हे बाहेरून दिसत नाही. ड्रॉइंग हातात असेल तर निम्मं काम कागदावर होतं. ते नसेल तर रिबाउंड हॅमर मारा, अल्ट्रासोनिक टेस्ट करा, सळई शोधायचं यंत्र फिरवा, काही ठिकाणी कोअर कापून काढा, आणि एवढं करून शेवटी अंदाजच. ''डॉक्टरला पेशंटची जुनी फाइल न देता ऑपरेशन करायला सांगण्यासारखं आहे,'' असं ते म्हणाले. या सगळ्या टेस्टचं बिल कोण भरतं हे वेगळं सांगायला नको.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र विसरू नका. महाडजवळ सावित्री नदीवरचा मुंबई-गोवा महामार्गाचा ब्रिटिशकालीन दगडी कमानीचा पूल पुरात गेला, आणि त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं. १४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीबाहेरचा पादचारी पूल कोसळला. त्या पुलाचं तर स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं आणि किरकोळ दुरुस्ती पुरेशी आहे असा शेरा होता. १५ जून २०२५ ला मावळातल्या कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत इंद्रायणीत पडला. नकाशे नीट ठेवले असते तर हे पूल पडले नसते असा दावा मी करणार नाही, तो खोटेपणा होईल. पण प्रत्येक दुर्घटनेनंतर जी धावपळ होते ती आठवा. बांधलं कोणी, दुरुस्ती कधी झाली, शेवटची पाहणी कुणी केली, अहवाल कुठे आहे? हे प्रश्न पूल पडल्यावर विचारले जातात, आणि उत्तरं गोळा करायला समिती नेमावी लागते.

दर पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो. इंग्लंडमधल्या कंपनीने म्हणे आपल्या कलेक्टरला पत्र पाठवलं की तुमच्या पुलाचं आयुष्य संपलं, आता जबाबदारी आमची नाही. मेसेज खरा की खोटा ते जाऊ द्या. आपण तो इतक्या कौतुकाने पुढे का पाठवतो? शंभर वर्षांनीही कुणाकडे तरी आपल्या पुलाचा कागद आहे, याचंच आपल्याला अप्रूप वाटतं!

आता मुद्द्यावर येतो. सॉफ्टवेअर.

सादरीकरणात सर्वात मोठी गफलत इथे झाली. तीन वेगवेगळ्या गरजा एकाच पिशवीत घातल्या गेल्या. पहिली गरज फोटो आणि चित्रांची. झालेल्या कामाचे फोटो, ड्रोनचे व्हिडिओ, थ्रीडी चित्रं, सादरीकरणं. डॅम मुळात यासाठी असतं. मोठ्या आर्किटेक्ट फर्मकडे पन्नास-शंभर प्रोजेक्टचे हजारो फोटो असतात आणि नवीन कामासाठी प्रस्ताव पाठवायचा तर 'आपण केलेल्या हॉस्पिटलचे चांगले फोटो' पाच मिनिटांत सापडावे लागतात. ओपनॲसेट नावाचं सॉफ्टवेअर खास आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि बांधकाम कंपन्यांसाठीच बनलंय. त्यात सगळं प्रोजेक्टच्या नावाखाली लागतं, नुसत्या फोल्डरखाली नाही, आणि तेच योग्य आहे. कँटो, बाइंडर ही मंडळी सर्व प्रकारच्या धंद्यांसाठी आहेत, साबणाच्या जाहिरातीपासून विद्यापीठापर्यंत.

दुसरी गरज चालू ड्रॉइंगची. एकाच नकाशाच्या सात आवृत्त्या, कोणती साइटवर गेली, कोणी मंजूर केली, कोणती रद्द झाली. हे काम ऑटोडेस्क व्हॉल्ट किंवा बेंटलेचं प्रोजेक्टवाइज अशी सॉफ्टवेअरं करतात. फोटोंच्या डॅममध्ये हे बसवायला गेलात तर फसाल. कारण ऑटोकॅडची फाइल एकटी नसते. एका प्लॅनमध्ये दुसऱ्या फाइली बाहेरून जोडलेल्या असतात, ज्याला ड्राफ्ट्समन एक्सरेफ म्हणतात. कॉलमचा आराखडा वेगळ्या फाइलीत, हद्दीचा सर्व्हे वेगळ्या फाइलीत. फक्त मुख्य फाइल उचलून अपलोड केली की उघडल्यावर निम्मा नकाशा गायब! आणि ही चूक अपलोड करताना कळत नाही, दहा वर्षांनी नकाशा उघडताना कळते.

तिसरी गरज आहे कायमच्या जपणुकीची. काम झालं, बिल निघालं, आता प्रत्यक्ष जसं बांधलं तसा अंतिम नकाशा पुढची पन्नास वर्षं कुणालाही उघडता आला पाहिजे. नगरपरिषदेला मुख्यतः हवी आहे ती हीच. आणि सादरीकरणात हिच्याबद्दल एक स्लाइड नव्हती.

पन्नास वर्षं हा शब्द मी मुद्दाम वापरला. इमारत पन्नास वर्षं टिकते. सॉफ्टवेअर कंपनी टिकते का? पिकासा आठवतंय? आपल्यापैकी कित्येकांचे लग्नाचे अल्बम त्यात होते. २०१६ मध्ये गुगलने बंद केलं. फ्लॅश २०२० च्या अखेरीस गेलं आणि त्यात बनवलेली सरकारी सादरीकरणं आज उघडत नाहीत. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स विकणं बंद केलं. तेव्हापासून वर्गणी. रेव्हिटमध्ये नवीन आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडतच नाही. म्हणजे आज आपल्या कन्सल्टंटने नवीन आवृत्तीत मॉडेल करून दिलं आणि नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात जुनी आवृत्ती असली (असलीच तर!), तर ते मॉडेल बंद पेटीसारखं. चावी दुकानात, आणि दुकानदाराला दरवर्षी भाडं.

यावर उपाय नाही असं नाही, उपाय साधा आहे. मूळ फाइलबरोबर दोन गोष्टी सक्तीने घ्या. एक, अंतिम ड्रॉइंग पीडीएफ-ए स्वरूपात. हा पीडीएफचाच दीर्घकाळ जपणुकीसाठीचा प्रकार आहे, आयएसओ १९००५ हे त्याचं मानक, आणि त्यात फॉन्ट फाइलीच्या आतच असतो. दोन, थ्रीडी मॉडेल असेल तर आयएफसी स्वरूपात. तेही आयएसओ १६७३९ हे खुलं मानक आहे, कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचं नाही. या दोन ओळी निविदेत टाकायला एक रुपया लागत नाही. मी प्रस्तावाचा मसुदा वाचला. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स आधारित' हा शब्द त्यात सहा वेळा आहे. पीडीएफ-ए एकदाही नाही.

फॉन्टचा विषय निघालाच आहे तर मराठीचं बोलू. आपल्या कार्यालयांमध्ये वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टमध्ये टायपिंग झालं. स्क्रीनवर ते मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची भेळ असते. युनिकोडमध्ये 'नाट्यगृह' शोधलं तर त्यातलं एकही पान सापडणार नाही. जुन्या नकाशांचं स्कॅनिंग म्हणजे तर नुसतं चित्र. सादरीकरणात 'स्टेडियम' शोधून दाखवलं, कारण इंग्रजीत फोटो ओळखणं या सॉफ्टवेअरना जमतं. मी म्हणतो, आमच्या समोर 'जुनी मुलींची शाळा, खारी विहिरीजवळ' शोधून दाखवा. मग आम्ही टाळ्या वाजवू.

आणि शोधायचं कशावर? ही खरी गोम आहे. कोणतंही डॅम हे त्यात भरलेल्या वर्णनाइतकंच शहाणं असतं. फाइल टाकताना ती कशाची, कधीची, कुणाची, कोणती आवृत्ती, मंजूर की नामंजूर, हे कुणीतरी माणसाने भरावं लागतं. प्रस्तावात 'प्रभागनिहाय वर्गीकरण' लिहिलंय. अहो, प्रभाग दर निवडणुकीला बदलतात! आज जो चार आहे तो उद्या सात होईल आणि त्यातला अर्धा भाग नऊमध्ये जाईल. प्रभागावर फाइली लावल्या तर पुढच्या प्रभागरचनेनंतर सगळं गोंधळ. न बदलणारी खूण वापरा. सिटी सर्व्हे नंबर, गट नंबर, आणि प्रत्येक इमारतीला नगरपरिषदेने एकदाच दिलेला कायमचा क्रमांक. नगराध्यक्ष बदलले, प्रभाग बदलले, रस्त्याचं नामांतर झालं तरी तो क्रमांक तोच. हे सुचवायला कन्सल्टंटची गरज नाही, आपल्या भूमापन कार्यालयातल्या कुठल्याही जुन्या कारकुनाला विचारा.

आता फोटोंकडे. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात चोरी पकडली जाते.

स्लॅब भरण्याआधी सळई बांधलेली असते. फूटिंग भरण्याआधी खड्ड्याची खोली दिसते. पाइप गाडण्याआधी त्याच्या खालचा थर दिसतो. एकदा काँक्रीट पडलं, माती पडली, की आत काय आहे याचा पुरावा दोनच ठिकाणी, मोजमाप पुस्तिकेत आणि फोटोत. मोजमाप पुस्तिका कशी भरली जाते यावर मी आधी लिहिलंय, पुन्हा उगाळत नाही. राहिला फोटो. आज आपल्याकडे हे फोटो कुठे असतात? साइट सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये. तो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं आणि फोटोच्या आत दडलेली मूळ माहिती, कधी काढला, कुठे काढला, तीही त्यातून निघून जाते. ग्रुपवर दिसते ती पाठवल्याची तारीख, काढल्याची नाही. म्हणजे मागच्या वर्षीचा, दुसऱ्या गावचा, दुसऱ्याच स्लॅबचा फोटो आज टाकला तरी ओळखता येत नाही. मग सुपरवायझर नोकरी सोडतो, मोबाइल पाण्यात पडतो, विषय संपला. दोष दायित्वाच्या मुदतीत रस्ता उखडला, ठेकेदाराला नोटीस द्यायची, तर पुरावा कुठाय?

एवढी एक गोष्ट जरी सॉफ्टवेअरने केली, म्हणजे साइटवरून मूळ फोटो, मूळ वेळेसह, मूळ ठिकाणासह, थेट त्या कामाच्या नावाखाली चढवला, नंतर कुणाला बदलता येणार नाही अशा पद्धतीने, आणि बिल काढायच्या आधी ते फोटो आहेत की नाहीत हे तपासलं, तर पैसे वसूल. मी हेही सादरीकरणात विचारलं. ''तो मोड्यूल वेगळा आहे सर, त्याचे चार्जेस वेगळे.'' म्हणजे चोराला पकडणारा कॅमेरा एक्स्ट्रा!

सुरक्षेबद्दल 'तुमचा डेटा क्लाउडवर शंभर टक्के सुरक्षित' असं छातीठोक सांगितलं गेलं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, फायलींचे ढीग जळाले आणि त्यानंतर आपल्या राज्यात डिजिटायझेशनचा गजर सुरू झाला. ठीक. पण डिजिटललाही आग लागते. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉनमध्ये सरकारी डेटा सेंटर पेटलं. तिथे सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रं ठेवायची जी-ड्राइव्ह नावाची व्यवस्था होती. ८५८ टेराबाइट माहिती गेली, कारण तिची दुसरीकडे प्रतच नव्हती. कोरिया म्हणजे आपल्यापेक्षा तंत्रज्ञानात किती पुढे! तिथे ही गत. आणि दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ला झाला तेव्हा बरेच दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले होते. जाणकार लोक एक साधा नियम सांगतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या जागी. आपल्याकडे वेगळी जागा म्हणजे दुसरं कपाट नव्हे. एक हार्ड डिस्क जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवा, वर्षातून दोनदा आणून उघडून बघा. आणि हो, ज्या गावात रस्ता खोदला की दोन दिवस इंटरनेट जातं, तिथे 'फक्त क्लाउड' घेणं म्हणजे पूर आला की नकाशा बघता येणार नाही. तो नेमका तेव्हाच लागतो.

मालकीचा मुद्दा राहिला, आणि इथे आपल्या आर्किटेक्ट मित्रांना राग येईल. येऊ दे. आर्किटेक्चर परिषदेच्या नियमांप्रमाणे ड्रॉइंग ही आर्किटेक्टच्या सेवेची साधनं आहेत आणि ती त्याची मालमत्ता मानली जातात. त्यामागे कारण आहे. एकाच डिझाइनवर दुसऱ्याने तीन इमारती ठोकू नयेत. मान्य. कॉपीराइट तुमचाच राहू द्या. पण सार्वजनिक पैशातून बांधलेल्या इमारतीच्या अंतिम नकाशाची संपूर्ण प्रत, उघडता येईल अशी, देखभाल आणि दुरुस्तीसाठी वापरायच्या हक्कासह नगरपरिषदेकडे असलीच पाहिजे. करारात हे स्पष्ट नसेल तर भांडण होणार. दुसऱ्या बाजूने नगरपरिषदेलाही सांगतो, फी दोन-दोन वर्षं थकवायची आणि मग कागद मागायचे हे चालणार नाही. शेवटचा हप्ता आणि अंतिम नकाशांचा सेट एकाच दिवशी, एकाच टेबलावर, असा नियम करा. नाट्यगृहाचं भांडण अर्ध्या तासात मिटेल.

आता आपल्या गावातल्या फर्मबद्दल. आपल्याकडची ऑफिसं म्हणजे एक आर्किटेक्ट, दोन ड्राफ्ट्समन, एक ट्रेनी आणि एक प्लॉटर. काही ठिकाणी नवरा-बायको मिळून ऑफिस. यांना डॉलरमधली, माणशी दरमहा वर्गणी लादणं हा अन्याय आहे. दोन मोठ्या ऑफिसांना ते परवडेल आणि बाकीचे पॅनेलवरून आपोआप गळतील. कुणाला हेच हवंय का, असा प्रश्न मनात येतो. नावं घेत नाही.

छोट्या फर्मने काय करावं? मी इंजिनिअर नाही, पण चार जणांशी बोलून जे कळलं ते सांगतो. सॉफ्टवेअर घेण्याआधी एक रविवार काढा आणि ऑफिसातल्या फाइलींची नावं बघा. 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नक्की', 'साहेबांनी सांगितलेलं फायनल'. ही सवय असताना कितीही महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी त्यात हाच कचरा भरला जाणार. आधी नाव द्यायची एक पद्धत ठरवा: कामाचा क्रमांक, ड्रॉइंगचा क्रमांक, आवृत्ती, तारीख. ऑटोकॅडमध्ये ई-ट्रान्समिट नावाची सोय आहे, ती जोडलेल्या सगळ्या फाइली एकत्र गुंडाळून देते. काम संपलं की ते करूनच फाइल ठेवा. नुसतं बघण्यासाठी ऑटोडेस्कचंच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू फुकट मिळतं. फोटोंसाठी रिसोर्सस्पेस नावाचं डॅम ओपन सोर्स आहे, सुरुवातीला ऑक्सफॅम या संस्थेसाठी तयार झालेलं. लायसन्सचे पैसे नाहीत. फुकट म्हणजे खर्चच नाही असं मात्र समजू नका. ते बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतो. पण आपल्या तालुक्यात इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर शिकलेली पोरं पुण्याच्या गाडीची वाट बघत बसलीत, त्यातल्या दोघांना ते काम देता येईल. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स वापराचं धोरण जाहीर केलं होतं. त्या धोरणाचा उल्लेखही आपल्या प्रस्तावात नाही.

'तुम्ही पत्रकार लोक प्रत्येक चांगल्या गोष्टीत खोडा घालता,' असं एका नगरसेवकांनी मला तोंडावर सांगितलं. त्यांचा एक मुद्दा मी मान्य करतो. परिपूर्ण व्यवस्थेची वाट बघत बसलो तर आणखी वीस वर्षं जातील आणि तोवर उरलेसुरले ट्रेसिंग पेपर वाळवी खाईल. खरं आहे. रेकॉर्ड रूममधलं वरचं फडताळ मी पाहिलंय, अर्धं आधीच गेलंय. म्हणूनच माझं म्हणणं, स्कॅनिंग उद्यापासून सुरू करा. त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. एक मोठा स्कॅनर भाड्याने घ्या, दोन माणसं बसवा, शाळा, दवाखाना, पाण्याच्या टाक्या आणि पूल आधी घ्या, व्यापारी संकुलं नंतर. सॉफ्टवेअरची निविदा सहा महिन्यांनी निघाली तरी काही बिघडत नाही. उलट तेव्हा आपल्या खऱ्या फाइली हातात असतील. मग प्रत्येक कंपनीला परदेशातल्या काचेच्या इमारतींऐवजी आपल्या दोनशे फाइली द्यायच्या. एक्सरेफ तुटलेल्या, श्रीलिपीतल्या, डाग पडलेल्या. महिनाभर फुकट वापरून दाखवा म्हणायचं. आणि त्या महिन्याच्या शेवटी सगळ्या फाइली, भरलेल्या वर्णनासह, बाहेर काढून आमच्या हार्ड डिस्कवर देऊन दाखवा. आत घेताना सगळेच हसतमुख असतात, बाहेर काढताना खरी परीक्षा.

विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर येईल असं कळतंय. मी मुख्याधिकारी साहेबांना लेखी अर्ज दिलाय. त्यात चारच गोष्टी मागितल्यात. निविदेत पीडीएफ-ए आणि आयएफसीची अट, करार संपल्यावर सगळा डेटा खुल्या स्वरूपात विनाशुल्क परत देण्याची अट, साइटच्या मूळ फोटोंचा भाग मूळ किमतीतच, आणि पॅनेलवरच्या छोट्या फर्मना वर्गणीची सक्ती नाही. अर्जाची पोच माझ्याकडे आहे, फोटो खाली कमेंटमध्ये टाकतो. उत्तर आलं की तेही टाकीन, नाही आलं तर तीस दिवसांनी माहिती अधिकाराचा अर्ज तयार आहे.

गावातल्या आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि ड्राफ्ट्समन मंडळींनी कमेंटमध्ये बोलावं. मी तांत्रिक काही चुकीचं लिहिलं असेल तर तिथेच सांगा, दुरुस्त करतो. आणि ज्यांच्या घरात, माळ्यावर, जुन्या सुटकेसमध्ये नगरपरिषदेच्या एखाद्या जुन्या इमारतीचा, टाकीचा, पुलाचा नकाशा पडलेला असेल, विशेषतः निवृत्त ओव्हरसियर काकांनी, मला मेसेज करा. दोन जणांचे आलेसुद्धा. एकाकडे जुन्या पाण्याच्या टाकीचा अमोनिया प्रिंट आहे, घडीवर फाटलेला, पण सळईचा तक्ता पूर्ण वाचता येतोय. रविवारी स्कॅन करायला जातोय.